कुत्रा खाजवतो, पण कुठे?

ब्लाउजचं माप देऊन झालं की हल्ली बायका पर्समधून मोबाईल काढतात आणि कुत्र्याच्या पाठीचा फोटो दाखवतात. "ताई, बघा ना, दिवसभर खाजवून राहिला हा. काय लावू?" नागपुरात, खामल्यात आमच्या गल्लीत मला शिवणकामापेक्षा माझ्या कुत्र्यामुळे, भुऱ्यामुळे, जास्त लोक ओळखतात, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही. पण घरातला भुऱ्या आणि पानठेल्याजवळची गल्लीतली कुत्री काळी, या दोघांच्या खाजेमागे मी बरीच फिरले, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, आणि जे कळलं ते इथे एकदाचं लिहून ठेवते आहे.

फोटो दाखवणाऱ्या प्रत्येकीला माझं पहिलं सांगणं एकच असतं. आज काही लावू नका. आधी हे सांगा, तो कुठे खाजवतो, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात जास्त खाजवतो?

खाज सगळ्या कुत्र्यांची दिसायला सारखीच. मागचा पाय उचलायचा आणि सुरू. पण जागा बदलली की कारण बदलतं, आणि कारण बदललं की औषध पार उलटं होतं. कमरेचा मागचा भाग, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू चावत असेल तर आधी पिसवा. कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे टाचेकडचे सांधे असतील तर खरजेचे किडे. पंजे, काखा, पोट, तोंड, कान असतील तर अॅलर्जीकडे बोट जातं. नियम अगदी काटेकोर नाही, एकाच कुत्र्याला दोन-दोन गोष्टी असू शकतात, पण सुरुवात इथूनच करायची.

पिसवांचं आधी सांगते, कारण "आमच्याकडे पिसवा नाहीतच हो" असं म्हणणारे फार. पिसू दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. उवांची बारीक फणी घ्या, शेपटीच्या वर कमरेवरून फिरवा, आणि जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर तसा डाग पडत नाही. ही तपासणी घरी बसून होते आणि एक रुपया लागत नाही. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असते त्याला दोन-चार चाव्यांनीही आठवडाभर चैन पडत नाही, आणि तो स्वतःला इतकं चाटतो-चावतो की अंगावरची पिसू गिळूनही टाकतो. मग सापडणार कुठून?

दुसरं म्हणजे पिसवांचा मोठा संसार कुत्र्याच्या अंगावर नसतोच. अंडी अंगावरून गळून पडतात. सतरंजीत, सोफ्याच्या खाचेत, पलंगाखालच्या धुळीत त्यांच्या अळ्या होतात, आणि कोशात गेलेली पिसू महिनोन्‌महिने वाट बघत बसू शकते. म्हणून कुत्र्याला एकदा औषधाने आंघोळ घालून काम संपत नाही. घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी औषध, अंथरुणं गरम पाण्यात, कोपऱ्यांची झाडझूड, आणि हे काही महिने नेटाने. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिच्या जवळपासही जाऊ देऊ नका. मांजरीसाठी ते विष आहे, जीव जातो.

गोचिडांची तऱ्हा तशीच. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत जाऊन हजारो अंडी घालते. आमच्याकडे त्यांचं माहेर कुलरच्या स्टँडमागच्या भिंतीच्या भेगेत होतं. उन्हाळा संपल्यावर कुलर बाहेर काढला तेव्हा दिसलं. सिमेंटने भेग बुजवली आणि भुऱ्याला डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सुरू ठेवली, मग कुठे कमी झालं. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढायची. काडीने जाळू नका, रॉकेल टाकू नका, नखाने चिरडू नका. आणि गोचिडाचा खरा धोका खाज नाही, ताप आहे. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे गोचिडातून येणारे आजार आपल्याकडे भरपूर आहेत. कुत्रा मलूल झाला, जेवला नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता काळीबद्दल. हे जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण असे कुत्रे नागपुरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचं बरं होणं अवघड नसतं.

काळी आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्याजवळ राहते. एका पोळ्याच्या सुमारास तिच्या कानाच्या कडांवर जाड राखाडी खपल्या दिसायला लागल्या. मारबतीची मिरवणूक होऊन गेली, गणपती बसले, तोवर कोपरं उघडी पडली होती, पोट लालभडक झालं होतं, आणि ती रात्रभर खाजवायची. झोप नाही म्हणून खाणंही सुटत चाललं होतं. मुलं दगड मारायला लागली. केस गेले की गल्लीत सगळ्यांचं एकच निदान, लूत. आणि औषधही एकच. पानठेल्यावरच्या भाऊंनी मला अगदी मनापासून सांगितलं, "वहिनी, गॅरेजमधलं जळालेलं ऑइल लावून द्या न, आठ दिवसात साफ होऊन जाते."

भाऊंच्या मनात वाईट काही नव्हतं. काळीला रोज पाव घालणारा तोच माणूस. पण जळालेलं इंजिन ऑइल म्हणजे जड धातू आणि जळक्या तेलातली सगळी घाण. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे ते पोटात जातं. फाटलेल्या कातडीतून आत शिरतं. उन्हात तापलं की आधीच सोललेल्या अंगाची आग होते. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या, गुरांच्या गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून ओतणं, हे सगळं मी लोकांना करताना पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं. तो जीव सांगूही शकत नाही की जळतंय.

काळीला आम्ही ऑटोत घालून सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. 1958 पासूनचं हे कॉलेज, आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं आहे. नागपूरकरांना फुटाळ्याला फिरायला जाताना वाटेत कॉलेजच्या पाट्या दिसतात, पण तिथे कुत्र्यामांजरांनाही तपासतात हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. त्याबरोबर काळीचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. खरजेचा हा एक जुना पडताळा आहे. मग ब्लेडला तेल लावून कातडी खरवडली आणि काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली.

किडा दिसला नाही. मी म्हटलं, म्हणजे खरूज नाही? तेव्हा जे कळलं ते महत्त्वाचं. सार्कोप्टिस नावाचा हा किडा कातडीत बोगदे करून राहतो, आणि पुष्कळदा सगळ्या अंगावर मिळून इतके थोडे किडे असतात की खरवडलेल्या जागी नेमका सापडत नाही. खाज त्यांच्या संख्येमुळे नसते, त्यांच्यावर शरीर जे पेटून उठतं त्यामुळे असते. म्हणून लक्षणं जुळत असतील तर रिपोर्ट कोरा आला तरी डॉक्टर उपचार करतात आणि फरक पडतो का ते बघतात.

आणखी एक खूण आमच्या घरातच होती. काळीला कुशीत घेऊन बसणाऱ्या माझ्या मुलीच्या हातांवर आणि पोटावर बारीक लाल पुळ्या उठल्या होत्या. कुत्र्याची खरूज माणसाला चावते, पण माणसाच्या अंगावर ती टिकत नाही. कुत्रा बरा झाला की माणसाचंही आपोआप जातं. तिला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं ते आमच्या समाधानासाठी. तुमच्या कुत्र्यासोबत घरातही कुणी खाजवत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदान तिथेच निम्मं होतं.

उपचार म्हणजे वजनाप्रमाणे एक गोळी, उकडलेल्या अंड्यात घालून. अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर या नावांच्या या गोळ्या पिसवा आणि गोचिडांसाठी मिळतात, आणि खरजेच्या किड्यांवरही चालतात. एखादी महिनाभर काम करते, एखादी जवळपास तीन महिने. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या जपून द्याव्या लागतात, म्हणून तो इतिहास डॉक्टरांना सांगायचा. पूर्वी आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं सर्रास देत आणि अजूनही देतात. स्वस्त आहे, चालतंही, पण कोली जातीच्या आणि तिच्याशी नातं असलेल्या काही कुत्र्यांमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे हे औषध मेंदूत पोचतं आणि कुत्रा कोमात जाऊ शकतो. मेडिकलमधून आणून घरी टोचायची ही गोष्ट नव्हे.

काळीसोबत झोपणाऱ्या दोन कुत्र्यांनाही गोळी दिली. एकाला देऊन उपयोग नसतो, पुन्हा एकमेकांकडून घेतात. पहिल्या काही दिवसांत फारसा फरक दिसला नाही, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात, खाज ओसरायला वेळ लागतो. मग एके दिवशी भाऊ स्वतःच म्हणाले, "वहिनी, झोपून राहिली ती आता रात्रभर." दिवाळीपर्यंत काळीच्या कानांवर मऊ केस आले होते.

केस गेलेल्या सगळ्या कुत्र्यांना हीच खरूज नसते. डेमोडेक्स नावाचा दुसरा एक किडा आहे. तो केसांच्या मुळाशी राहतो आणि जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून पिलाकडे येतो. थोडे किडे बहुतेक निरोगी कुत्र्यांवर असतातच. पिलाची प्रतिकारशक्ती कच्ची असली की ते वाढतात आणि डोळ्यांभोवती, ओठांजवळ, पुढच्या पायांवर केस जाऊन टक्कल पडतं. यात खाज नसते किंवा फार थोडी असते, आणि तो माणसाला काय, दुसऱ्या कुत्र्यालाही सहसा लागत नाही. लहान पिलांमध्ये एक-दोन चट्टे असतील तर पुष्कळदा औषधाशिवायही भरून येतात. मात्र यात स्टेरॉइड दिलं तर प्रतिकारशक्ती आणखी दबते आणि चट्टा सगळ्या अंगभर होतो. कारण न बघता "खाजेचं इंजेक्शन" देऊन टाकणं मला घातक वाटतं ते याचसाठी.

भुऱ्याची गोष्ट वेगळी, आणि लांबलेली. तो देशी आणि लॅब्रेडॉरचा मिश्र आहे, फिकट बदामी. माझ्या मशीनच्या पायाशी झोपतो. साधारण दोन वर्षांचा असताना त्याच्या पुढच्या पंज्यांचे केस गंजासारखे लालसर व्हायला लागले. सासूबाईंनी आधी पाहिलं. "काऊन चाटून राहिला बाप्पा हा पाय? काटा रुतला का?" काटा नव्हता. तो रंग लाळेचा असतो, लाळेतलं एक द्रव्य फिकट केसांवर डाग पाडतं. म्हणजे कुत्रा आपल्या नजरेआड किती चाटतो याचा तो हिशोबच.

डॉक्टरांनी विचारलं, खाजेला दहापैकी किती गुण द्याल? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाणं-झोपणं सोडून खाजवतो. तेव्हापासून मी कॅलेंडरवर आकडा लिहिते. याचा फार उपयोग होतो, कारण "जरा बरंय" म्हणजे किती, हे महिन्याने आठवत नाही. दवाखान्यात कुत्रा घाबरून खाजवतच नाही, म्हणून घरचा व्हिडिओही काढून न्यायचा.

बोटांच्या मधे सेलोटेप चिकटवून काढली आणि काचेवर बघितली, तर यीस्टचा बुरशी-संसर्ग होता. कानातही तोच. त्याचा एक उग्र, आंबूस वास असतो आणि अंग चिकट लागतं. हे समजून घ्यायला मला वेळ लागला, की जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग बहुतेक वेळा पाहुणा म्हणून येतो. खालचं कारण दुसरंच असतं, आणि खाजवून कातडी फाटली की हे वर बसतात आणि स्वतःची खाज त्यात मिसळतात. आधी यांना घालवल्याशिवाय खालचं कारण किती मोठं आहे ते दिसत नाही. पोटावर पिवळ्या टोकाच्या पुळ्या किंवा कडेला साल निघालेले गोल चट्टे असतील तर तो जिवाणूंचा संसर्ग. त्या गोल चट्ट्यांना लोक नायटा समजून माणसांची मलमं लावतात. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि कुत्रा ती चाटून पोटात घेतो.

औषधी शांपूबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा, दहा मिनिटं. क्लोरहेक्सिडिनचा किंवा त्यात मायकोनॅझोल असलेला शांपू लावून लगेच धुतला तर तो नालीत गेला. फेस अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा, मग स्वच्छ धुवायचं, आणि बोटांच्या मधली जागा, कानाची पाळी, काखा कोरड्या पुसायच्या. आम्ही आंगणात मोबाईलवर वेळ लावतो आणि तोवर माझी मुलगी सई त्याला काकडीचे तुकडे भरवते. डेटॉल, कपड्यांचा साबण, आपला शांपू नको. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो, तीन ते पाच पेशींचा, आपला दहा-पंधराचा. त्याची आम्लताही वेगळी. आपल्याला जे चालतं ते त्याला झोंबतं.

संसर्ग गेला आणि कॅलेंडरवरचा आकडा खाली आला, पण पंजे चाटणं काही थांबेना. मग प्रश्न उरला, खाणं की हवा?

खाण्याची अॅलर्जी रक्ताच्या तपासणीत कळते असं पुष्कळांना वाटतं. त्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. खरी परीक्षा एकच. कुत्र्याने आजवर कधी न खाल्लेली प्रथिनं आणि एक पिष्टमय पदार्थ, एवढंच आठ आठवडे द्यायचं, बाकी काही म्हणजे काही नाही. कुत्र्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी अॅलर्जी बीफ, दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची असते. आता आपल्या घरचा कुत्रा काय खातो बघा. चिकनच्या गळ्या, दूध-पोळी, ग्लुकोज बिस्किट. म्हणजे चारातले तीन रोज ताटात.

भुऱ्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने मासे आणि बटाटा सुरू केला. मासे त्याने कधी खाल्ले नव्हते, आम्ही घरी करत नाही. सगळ्यात अवघड गेलं ते सासूबाईंना. सकाळच्या चहासोबत अर्धं बिस्किट भुऱ्याचं, हा त्यांचा कितीतरी वर्षांचा नेम, आधीच्या कुत्र्यापासूनचा. "एवढ्याशा तुकड्यानं काय होते?" एवढ्याशा तुकड्याने सगळी परीक्षा वाया जाते. मी त्यांना त्याचे पंजे दाखवले, बोटांच्या मधली सोललेली कातडी दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यात उकडलेल्या बटाट्याचे तुकडे करून घेऊन बसल्या चहाला. घरातलं प्रत्येक माणूस, कामवाली मावशी, शेजारची मुलं, सगळ्यांना सांगावं लागतं. चवदार केलेल्या गोळ्याही बंद, त्यांतही मांसाची चव घातलेली असते.

आठ आठवड्यांनी फरक पडला नाही. म्हणजे खाणं नव्हे. (फरक पडला असता तर जुनं खाणं परत देऊन खाज परतते का, हे बघावं लागलं असतं. ती दुसरी पायरी लोक गाळतात आणि मग कुत्रा जन्मभर विनाकारण पथ्यावर राहतो.) बाकी सगळं वगळून उरली ती अॅटोपी, म्हणजे धूळ, परागकण, बुरशीचे कण यांची अॅलर्जी. ती साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, जर्मन शेफर्ड, बॉक्सर यांच्यात जास्त. ती बरी होत नाही, आटोक्यात ठेवता येते. हे ऐकून मला रडू आलं होतं. आज मात्र वाटतं की नाव कळलं तेच बरं झालं, त्या दिवसापासून अंधारात चाचपडणं थांबलं.

कॅलेंडरने दोन महिने दाखवले होते. एक मे, दुसरा ऑक्टोबर.

मे महिन्याचं कोडं मला सुटत नव्हतं. 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंशांपर्यंत गेलेलं हे शहर. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की वाळत टाकलेलं पातळ अर्ध्या तासात कडक होतं. मग खाज कशाने? उत्तर कुलरमध्ये होतं. घरातल्या धुळीत जे सूक्ष्म किडे असतात ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगातून शोषून जगतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ते एरवी कमी व्हायला हवेत, पण आपण दार-खिडक्या लावून चोवीस तास कुलरचा दमट वारा खोलीत सोडतो, आणि भुऱ्या त्याच वाऱ्यात जुन्या कापसाच्या गादीवर झोपायचा. त्या गादीत वर्षानुवर्षांची धूळ आणि माझ्या शिवणकामाचे धागे. गादी टाकून दिली. कटपीसच्या दोन पातळ गोधड्या शिवल्या, एक अंथरायला, एक धुवायला. साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतलं की ते किडे मरतात. कुलरच्या ताट्या दर उन्हाळ्याला नव्या, टाकीचं पाणी वरचेवर बदललेलं, आणि समोरची एक खिडकी उघडी, म्हणजे ओलावा कोंडत नाही. उघडी खिडकी ठेवली तर कुलर उलट जास्त गार हवा देतो, हेही त्यात कळलं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर रिकाम्या प्लॉटांवर गवताला तुरे आलेले असतात आणि गाजर गवत कमरेएवढं झालेलं असतं. भुऱ्याला सकाळी तिथेच लोळायला हवं असायचं. आता आम्ही रस्त्याने जातो, आणि घरी आल्यावर चारही पाय साध्या पाण्याने धुऊन कोरडे करतो, पोट ओल्या फडक्याने पुसतो. परागकण नाकापेक्षा कातडीतून जास्त त्रास देतात, म्हणून हे पुसणं औषधाइतकंच कामाचं आहे.

तरीही वाईट दिवस येतात, आणि तेव्हा औषध लागतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वस्त आहे आणि खाज पटकन थांबवतं. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कमी-कमी करत, ते चांगलं औषध आहे. पण कुत्रा भरमसाट पाणी पितो, घरात लघवी होते, भूक आवरत नाही, आणि महिनोन्‌महिने चाललं तर आतले अवयव बिघडतात. मधेच एकदम बंदही करायचं नसतं. दुसरं ऑक्लासिटिनिब. अमेरिकेत ते 2013 साली मंजूर झालं. खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत नेणाऱ्या द्रव्यांचा रस्ता ते अडवतं, एका दिवसात फरक दिसतो, आणि स्टेरॉइडची तहान-भूक त्यात नाही. महाग आहे. एक वर्षाच्या आतल्या कुत्र्याला देत नाहीत, गंभीर संसर्ग असतानाही नाही. भुऱ्याला ते फक्त त्याच्या दोन महिन्यांत लागतं.

घरातली सिट्रिझिन देऊ का, असं सगळे विचारतात. कुत्र्यांमध्ये तिचा उपयोग बेताचाच, आणि सर्दीच्या ज्या गोळीत नाक मोकळं करणारं औषधही असतं ती कुत्र्याला विषारी ठरू शकते. माशाच्या तेलातलं ओमेगा-3 कातडीला बळ देतं, पण दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. आपल्याकडे जवसाची चटणी रोजची, म्हणून जवसाचं तेल चालेल का असं मीही विचारलं होतं. जवसात जे ओमेगा-3 असतं त्याचं कुत्र्याच्या शरीरात हव्या त्या रूपात रूपांतर फार थोडं होतं. त्यामुळे माशाच्या तेलाची जागा जवसाचं तेल घेत नाही. कडुलिंबाच्या पाण्याने अंग पुसायला हरकत नाही, सासूबाई ते करतात आणि भुऱ्यालाही आवडतं, पण खरूज त्याने जात नाही. लसूण मात्र पिसवांसाठी म्हणून कुणी सांगितली तरी खाऊ घालू नका, ती कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. टी ट्री तेल आणि कापूरही नको.

पावसाळ्यात दाट केसांच्या कुत्र्याच्या गालावर किंवा कमरेवर एका रात्रीत तळहाताएवढा ओला, लालभडक चट्टा पडलेला दिसला तर घाबरू नका, पण थांबूही नका. भोवतालचे केस कापून जागा मोकळी करा, गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घालून चाटणं बंद करा, आणि दवाखान्यात जा. हळद-तेलाचा लेप लावून ते झाकलं तर आत चिघळतं.

सध्या काळीशेजारी दुसऱ्या एका कुत्रीची दोन पिलं आहेत. त्यातल्या एकाच्या डोळ्याभोवती आठ-दहा दिवसांपासून टक्कल पडत चाललं आहे. खाजवत नाही, खातो-पितो, भावंडाशी मस्ती करतो. डॉक्टरांनी खरवडून बघितलं, डेमोडेक्स आहे, एकच चट्टा आहे. आत्ता फक्त जंताचं औषध आणि पोटभर खाणं. वजन दोन किलोच्या वर गेलं आणि चट्टे वाढलेच तर गोळीचं बघू. गोळीसाठी गल्लीतल्या काही घरांनी पैसे काढून ठेवले आहेत. पानठेल्यावर भाऊंनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून ठेवलं आहे, "त्याच्या डोळ्याले कोणी काही लावू नका रे." तुम्ही खामल्याकडून जात असाल आणि तो पिल्लू दिसला, तर कृपा करून तुम्हीही लावू नका. उकडलेलं अंडं चालेल.